पुरंदरचं ताजं अंजीर: कधी घ्यायचं, कसं निवडायचं आणि घरी लावायचं तर कुठली जात

सुकं अंजीर आवडतं म्हणून पुरंदरचं ताजं अंजीर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा, कारण मी असे बरेच लोक बघितलेत जे हौसेने बॉक्स घरी नेतात, एक खातात, "हे तर फिक्कंच आहे" म्हणतात आणि बाकीचे फ्रीजमध्ये ठेवून विसरतात, मग दोन-तीन दिवसांनी बुरशी आली की फळालाच नावं ठेवतात. फळाचा काही दोष नसतो हो. पुरंदरचं अंजीर हे ताजंच खायचं फळ आहे, झाडावर पिकलेलं घ्यायचं आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायचं. तसं खाल्लं तर माझ्या मते महाराष्ट्रातल्या फळांत हापूसच्या खालोखाल याचाच नंबर लागतो. सीताफळवाल्यांना हे पटणार नाही, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

बाजारात कोणी पुरंदर अंजीर म्हणतं, कोणी सासवडचं, जुनी माणसं नुसतं पुण्याचं अंजीर म्हणतात आणि शेतीच्या पुस्तकांत पुना फिग असं लिहिलेलं सापडतं. मुळात जात एकच. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बॉक्सवर जीआयचा शिक्का दिसायला लागला आणि मुंबईतल्या मोठ्या दुकानांतही "पुरंदर" असं नाव घालून विकतात. फळ मध्यम आकाराचं, घंटेसारखं, देठाकडे निमुळतं आणि हिरवट, खाली येता येता विटकरी-जांभळं होत जाणारं, साल एकदम पातळ आणि त्यावर उभ्या शिरा. आतला गर गुलाबी-लाल. एक फळ साधारण ३० ते ५० ग्रॅमचं भरतं, त्यामुळे किलोत वीस ते तीस बसतात. त्यापेक्षा फार मोठं, काळंभोर आणि टणक फळ कोणी पुरंदरचं म्हणून गळ्यात मारत असेल तर दोन प्रश्न विचारा.

आता हे पुरंदरमध्येच का, तर तालुका पर्जन्यछायेत. पाऊस बेताचा, जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी, आणि अंजिराला नेमकं हेच मानवतं. या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही आणि फळ पिकायच्या वेळी हवा कोरडी लागते, नेमका तेव्हा पाऊस आला तर फळ फुटतं आणि आंबतं. गुरोळी, सिंगापूर, वाघापूर, राजेवाडी, आंबळे, सोनोरी, दिवे, काळेवाडी या पट्ट्यात फिरलात तर ज्वारी-वाटाण्याच्या शेतांच्या मधेमधे अंजिराच्या बागा दिसतात, झाडं ठेंगणी आणि पसरलेली, पानं मोठी, खरखरीत, हाताच्या पंजासारखी. मूळ झाड आपल्याकडचं नाही, पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचं आहे, आणि तिकडे किती जुनं असेल तर जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल नावाच्या जागी उत्खननात जळकी, वाळलेली अंजिरं सापडली ती ११,००० वर्षांहून जुनी आहेत. २००६ मध्ये संशोधकांनी ती तपासून असं मांडलं की ही बिनबियांची, माणसाने मुद्दाम फांद्या लावून वाढवलेली अंजिरं असावीत, म्हणजे गहू-बार्लीची शेती नीट बसायच्याही आधी माणूस अंजिराची फांदी खोचून झाड करत होता. आज आपले शेतकरी तेच करतात, छाट कलम किंवा गुटी कलम करून. बी लावून अंजीर कोणी करत नाही.

कधी घ्यायचं हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अंजिराला दोन बहार असतात, खट्टा आणि मीठा. पावसाळ्यात वाढणारा तो खट्टा, त्याची फळं साधारण दिवाळीच्या आगेमागे बाजारात दिसायला लागतात. मीठा बहार हिवाळ्यात धरतो आणि फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत चालतो. चव बघायची असेल तर मीठा बहारच, त्यातही मार्च-एप्रिलचं फळ, कारण उन्हात साखर भरते आणि हवा कोरडी असल्याने साल तडकत नाही. खट्ट्याचं फळ वाईट असतं असं नाही, त्यात थोडा आंबटपणा आणि पाण्याचा अंश जास्त, जॅमला तेच बरं पडतं. पण पहिल्यांदा अंजीर खाणाऱ्याने त्यावरून मत बनवू नये एवढंच. शेतकरी बहार धरायचा म्हणजे काय करतात तर आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, पानगळ झाली की छाटणी, मग खत-पाणी, आणि त्या छाटणीनंतर जी नवी फूट येते तिच्यावर पानाच्या बेचक्यात फळ लागतं. तिथून फळ तयार व्हायला चार-साडेचार महिने लागतात. एवढ्या मेहनतीचं फळ काढल्यावर दोन दिवस टिकतं, म्हणून मी यात भावाची घासाघीस करत नाही.

घ्यायचं कुठून? पुण्याहून हडपसरवरून दिवे घाट चढून वर आलं की दिवे गावापासून सासवडपर्यंत सीझनमध्ये रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. मला सगळ्यात आवडतं ते तिथूनच घ्यायला. एक मावशी आहेत, पाटीत खाली अंजिराचीच पानं अंथरलेली, वर फळं देठ वर करून एका थरात मांडलेली, एकावर एक कधीच नाही. मी गाडी थांबवली की त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, आजच खायचंय का उद्याला न्यायचंय?" मी आजचं म्हटलं की त्या पाटीच्या एका कडेची फळं उचलतात आणि उद्याचं म्हटलं की दुसऱ्या कडेची, बोटांनी दाबून बघत नाहीत, नुसतं देठाजवळ बघूनच त्यांना कळतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी एक हातात देऊन दाखवलं. पूर्ण पिकलेल्या फळाची मान वाकते, कडक उभी राहत नाही. सालीवर बारीक पांढरट चिरा पडलेल्या असतात, आणि खाली फळाला जो बारीक डोळा असतो तिथे कधीकधी मधासारखा एक थेंब आलेला असतो. असं फळ मिळालं तर घरापर्यंत नेऊच नका, तिथेच खा. "मान ताठ असंल तर उद्या, डोळ्यात मध आला तर आत्ता," असं त्या म्हणाल्या आणि तेव्हापासून मी याच हिशोबाने घेते.

कच्चं घेऊन घरी पिकवू हा विचार मात्र करू नका. आंबा अढीत घालून गोड होतो, तसं अंजिराचं नाही, लवकर तोडलेलं फळ मऊ पडतं पण गोडी जिथे थांबली तिथेच राहते. शिवाय कच्च्या फळाच्या देठातून पांढरा चीक येतो, त्यात फिसिन नावाचं प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, तो ओठाला लागला की आग होते आणि कातडीवर लागून ऊन बसलं तर डाग पडतात. तोडणी करणारी माणसं म्हणूनच हातमोजे घालून, सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकतात. लहान मुलांना द्यायचं असेल तर फळ पूर्ण पिकलेलं आहे ना हे बघून, देठाचा भाग कापून द्या. मिल्कशेकलाही पिकलेलंच वापरा, कच्चटाचा चीक दुधात गेला तर दूध फाटतं.

खायचं कसं यावर फार सांगण्यासारखं नाही. धुवायचं, पण खायच्या अगदी आधीच, धुऊन ठेवलं की काळं पडतं. सालीसकट खायचं. दोन बोटांनी डोळ्याकडून उघडलं की चार पाकळ्या होतात आणि आत गुलाबी गर, त्यात शेकडो बारीक दाणे, आणि वास अगदी मंद, नाक जवळ नेल्याशिवाय कळणार नाही असा. गोडी साखरेसारखी अंगावर येत नाही. माझ्या सासूबाई त्यावर किंचित मीठ-मिरपूड घालतात, मला तसंच आवडतं. फ्रीजमधून काढून लगेच खाल्लं तर अर्धी चव जाते, अर्धा तास बाहेर ठेवा. उरलेल्याचा घरी जॅम होतो, साखर फळाच्या निम्मी आणि शेवटी लिंबू, बास.

आता सुक्या अंजिराशी तुलना, कारण सगळ्यांच्या मनात तीच असते. ताज्या अंजिरात जवळपास ७९ टक्के पाणी, १०० ग्रॅमला ७४ कॅलरीच्या आसपास आणि तंतू ३ ग्रॅम. सुक्यात पाणी ३० टक्क्यांवर आलेलं, कॅलरी २५० च्या जवळ आणि तंतू १० ग्रॅमपर्यंत. म्हणजे सुकं जास्त गोड लागणारच, त्यातलं पाणी गेलंय. पण दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग आहे आणि ते जातीत आहे. आपल्याकडे ड्रायफ्रूटच्या दुकानात जी अंजिराची माळ लटकते ती अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान इकडून आलेली असते. तुर्कस्तानात आयदिनच्या बाजूला सारीलोप नावाची जात आहे, ती स्मर्ना गटातली. या गटाच्या फळाला परागीकरण लागतंच आणि ते करते एक अगदी बारीक माशी, नर अंजिराच्या झाडावर वाढलेली मादी डोळ्यातून आत शिरते, परागकण देते आणि आतच मरते. हे झालं नाही तर फळ मोठं न होता गळून पडतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोकांनी १८८० च्या दशकात ही झाडं नेऊन लावली, झाडं वाढली पण फळ टिकेना, शेवटी १८९९ मध्ये ती माशी तिथे नेऊन वसवली तेव्हा कुठे पीक आलं.

पुना फिग या भानगडीतलं नाही. ते कॉमन गटातलं आहे, आपल्या शेतीच्या पुस्तकांत याच गटाला ॲड्रिॲटिक पण म्हणतात, आणि याला परागीकरणाशिवाय फळ धरतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर "अंजीर खाताय म्हणजे मेलेली माशी खाताय" असा जो फॉरवर्ड फिरतो तो पुरंदरच्या अंजिराला लागू होत नाही. शाकाहारी माणसांनी बिनघोर खावं. वड, पिंपळ, उंबर ही सगळी अंजिराचीच भावंडं, उंबर फोडल्यावर आत चिलटं दिसतात ती आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेली असतात, आणि त्यावरूनच लोकांना अंजिराचीही शंका येते. आणि याच्यामुळेच चवीतला फरकही कळतो. परागीकरण झालेल्या फळात बिया भरीव असतात, म्हणून तुर्की अंजीर चावताना कुरकुरीत आणि दाण्यासारखं खमंग लागतं. आपल्या अंजिरातले दाणे पोकळ, म्हणून गर मऊ आणि रसाळ. दोन्ही आपापल्या जागी चांगले, एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पुना फिग वाळवून विकायचे प्रयत्न होतात पण त्यात साखर कमी, साल पातळ, त्यामुळे वाळवल्यावर चामट आणि बारीक होतं, मी दोन-तीन ठिकाणचं चाखलंय आणि त्यासाठी पैसे टाकावेत असं मला वाटलं नाही. त्यापेक्षा रस, जॅम, बर्फी हा मार्ग मला पटतो. २०२४ मध्ये पुरंदरच्या शेतकरी उत्पादक कंपनीने केलेला अंजिराचा तयार रस पोलंडला गेला ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण दोन दिवस टिकणाऱ्या फळासाठी हाच खरा उपाय आहे.

ऑनलाइन मागवण्याबद्दल. एका ॲपवरून मागवलं होतं, आलं तेव्हा खालचा अर्धा थर चेपलेला आणि बॉक्सच्या तळाला पाणी सुटलेलं. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पण फळ गेलंच. तेव्हा ज्यांच्याकडे एका थराचं पॅकिंग आहे, प्रत्येक फळाला वेगळा खण आहे आणि सकाळी तोडून संध्याकाळी पोचवतात त्यांच्याकडूनच घ्या, जरा महाग पडेल. पुण्यात राहत असाल तर मार्केट यार्डात सकाळी लवकर गेलात तर चांगला माल मिळतो, उशीर केलात तर निवडून गेलेला उरतो. मुंबईकरांनी ओळखीच्या माणसाबरोबर मागवावं आणि गाडीत मांडीवर ठेवून आणायला सांगावं, हे मी खरंच सांगतेय.

आता ज्यांना घरी झाड लावायचंय त्यांच्यासाठी. नर्सऱ्यांमध्ये हल्ली अंजिराच्या रोपावर काहीही पाट्या असतात, इस्रायली, तुर्की, ब्लॅक जंबो, आणि किंमत तिप्पट. शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांनी असंच इंटरनेटवरून सारीलोपची काडी मागवून लावली, झाड अंगाने छान भरलं, फळं हरभऱ्याएवढी होतात आणि सगळी गळतात. वर माशीचं जे सांगितलं ते हेच. ती माशी आणि नर झाड दोन्ही जवळपास असल्याशिवाय त्या जातीला फळ टिकणार नाही, कितीही खत घाला. म्हणून आपल्याकडे घरासाठी पुना फिगच लावा, किंवा त्यातूनच निवडलेली फुले राजेवाडी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र पुरंदरमध्येच जाधववाडीला आहे, रोपांची चौकशी आधी तिथे करा, निदान जातीची खात्री तरी राहते. मराठवाड्याकडच्या लोकांसाठी दिनकर नावाची जात आहे, ती दौलताबादच्या बाजूच्या अंजिरातून निवडलेली, तिकडच्या हवेला तीच बरी. डायना, कोनाड्रिया अशा परदेशी जातीही इथे लावतात आणि त्यांना माशी लागत नाही, फळही मोठं येतं, पण घरच्यासाठी चव म्हणाल तर माझं मत पुना फिगलाच.

माझ्या गच्चीवरचं झाड अर्ध्या ड्रममध्ये आहे. दिवसभर ऊन, तळाला भोकं मोठी, माती निम्मी आणि बाकी वाळू-मुरूम-शेणखत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरायला लागतं. पाणी रोज घालायची सवय असेल तर ती सोडा, वरची माती कोरडी झाली की घाला, मात्र फळं धरल्यावर मधेच चार दिवस विसरून एकदम भरपूर पाणी दिलंत तर फळं तडकतात. खरा शत्रू तांबेरा. पावसाळ्यात पानाच्या मागच्या बाजूला विटकरी पावडरसारखे ठिपके येतात, पानं पिवळी पडून गळतात आणि झाड खराट्यासारखं उघडं होतं. गळलेली पानं उचलून बाहेर टाकायची, झाडाखाली कुजू द्यायची नाहीत, आणि पावसाच्या आधी एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारायचं, ते शेतकीच्या दुकानात तयारही मिळतं. फळ रंगायला लागलं की बुलबुल हजर होतात, त्यांना पिकलेलं आपल्या आधी कळतं, म्हणून फळांना नेटच्या पिशव्या बांधा. वरच्या दोन-तीन फांद्या मी त्यांच्यासाठी उघड्या सोडते. छाटणी केल्याशिवाय राहू नका, नवी फूट नाही तर फळ नाही. झाडाचा चीक हाताला लागू नये म्हणून मोजे घाला.

एक काळजी वाटते ती लिहिते. पुरंदर विमानतळासाठी पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, खानवडी अशा ज्या गावांची जमीन ठरलीय त्या पट्ट्यात अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत आणि तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध पेपरात आलेला आहे. विमानतळ हवा की नको यावर मी इथे बोलत नाही, पण अंजिराची बाग धरायला तीन-चार वर्षं जातात, पुढे पंधरा-वीस वर्षं झाड देत राहतं, आणि अशी बाग उचलून दुसऱ्या मातीत नेता येत नाही. मोबदल्याचा हिशोब करताना हे धरलं जावं असं मला फार वाटतं.

रेटिंग द्यायचं तर मीठ्या बहाराचं, झाडावर पिकलेलं, त्याच दिवशीचं अंजीर पाचपैकी पाच. खट्ट्याला साडेतीन. मॉलमधल्या प्लास्टिकच्या डबीतल्या कडक, मान ताठ असलेल्या फळाला दोन, ते घेऊच नका. रस्त्यावर सीझनच्या मध्यात किलोला शंभराच्या वर-खाली भाव असतो, सुरवातीला आणि सणाच्या आगेमागे जास्त. जाणार असाल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, शनिवार-रविवार टाळून, सकाळी नऊच्या आत दिवे घाट चढा, जाताना एक पसरट डबा आणि खाली घालायला जुनं सुती कापड घेऊन जा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत फळ भरू देऊ नका. ज्यांनी यंदा बोपदेव घाटाच्या बाजूने जाऊन घेतलंय त्यांनी तिकडचा भाव आणि माल कसा होता ते खाली लिहा, मला पुढच्या आठवड्यात त्या बाजूने जायचंय.